बोटावरचा दिवा आणि अंकांतील तफावत

कोरोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, बोटाला चिमट्याप्रमाणे लावावयाचे ऑक्सिमीटर खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत आले, ते अजूनही फळीवर आहेत. एकाच बोटाला दोन यंत्रे लावली असता एक ९६ दाखविते, तर दुसरे ९३. मग खरे कोणते? प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्या काळी ९४ च्या खाली अंक गेला की रोग बळावला असे मानले जाई.

चिमट्याच्या एका अंगास दोन चिमुकले दिवे असतात. एक तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त, सुमारे ९४० चा. समोरचा सिलिकॉनचा तुकडा बोटातून पार आलेला उजेड मोजतो. प्राणवायूयुक्त रक्त तांबडा प्रकाश बराचसा जाऊ देते. प्राणवायू नसलेले तो शोषून घेते. दोहोंच्या गुणोत्तरावरून, निरोगी माणसांवर आधी तयार केलेल्या कोष्टकाच्या साह्याने, अंक निघतो. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची.

कारखान्यातून निघालेले दोन सिलिकॉनचे तुकडे तंतोतंत सारखे नसतात. थराची जाडी वा वरचा लेप किंचित बदलला की ग्रहणशक्ती बदलते. गुणोत्तर घेतल्याने हा दोष बराचसा झाकला जातो. अधिक घात करतो तो तांबडा दिवा! त्याची तरंगलांबी काही नॅनोमीटर सरकली तरी कोष्टक लागू पडत नाही. चांगले कारखानदार दिवे पारखून घेतात. स्वस्त मालात तशी पारख होतेच असे नाही.

शिवाय बोट म्हणजे काही काच नव्हे. आदिलाबादच्या पौषातील थंडीत बोटे गारठली की नाडीचा ठोका क्षीण होतो. नखरंग, मेंदी, भर उन्हात केलेली मोजणी, हीही कारणे आहेतच.

कातडीच्या रंगाची गोष्ट मात्र गंभीर आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असता कृष्णवर्णीय रुग्णांच्या सुमारे १२ टक्के मोजण्यांत खरा अंक ८८ हूनही खाली निघाला. गोऱ्यांत हेच प्रमाण सुमारे ४ टक्के होते. उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या आपल्या माणसांना ही चूक परवडणारी नाही.

बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू तर यंत्राला ओळखताच येत नाही. माणूस गुदमरत असताही अंक उत्तम दिसतो.

म्हणून हात चोळून ऊब आणावी, पाच मिनिटे स्वस्थ बसावे, अंक स्थिरावू द्यावा, आणि दरवेळी एकच यंत्र वापरावे, म्हणजे चढउतार तरी कळेल. धाप लागली असेल वा ओठ निळसर दिसत असतील, तर अंक काहीही असो, रुग्णास तत्काळ आदिलाबादच्या रिम्समध्ये न्यावे.