बाण वाऱ्याने नेमका किती सरकतो? हवामान ॲपचा आकडा घेऊन केलेला हिशोब

मोबाइलवरच्या तिरंदाजीच्या गेममध्ये कोपऱ्यात वाऱ्याची दिशा आणि एक आकडा दिसतो. तेवढं बघून बोट थोडं बाजूला सरकवलं की झालं. खऱ्या मैदानावर असा आकडा कुणी देत नाही, धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरण लावायलाही परवानगी नसते. टार्गेटवरचं छोटं निशाण, गालाला लागणारी हवा आणि सामन्यात एका बाणासाठी मिळणारे २० सेकंद, एवढंच हातात.

आणि फरक किती बारीक असतो बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकारातली फायनल १५०-१४९ अशी जिंकली. १५ बाण, पंधराच्या पंधरा दहात. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचा एक पॉइंट गेला आणि त्यासोबत गोल्डही.

आता हिशोब. हे लिहिताना ॲपमध्ये आमच्या कारंजा लाडचा वारा ताशी ११ किमी दिसतोय, म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर. झाडाची पानं सळसळतील एवढाच. तो डावीकडून उजवीकडे वाहतोय असं धरू.

ऑलिम्पिकमध्ये साताऱ्याचा प्रवीण जाधव खेळला तो रिकर्व्ह प्रकार, अंतर ७० मीटर. बाण सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटला असं धरलं, तर पोचायला साधारण १.२३ सेकंद लागतात. वारा बाणाला पाण्यातल्या ओंडक्यासारखा सोबत वाहून नेत असता, तर बाण साडेतीन मीटरहून जास्त बाजूला पडला असता. टार्गेट आहे १२२ सेंमीचं!

तसं होत नाही, कारण मागची पिसं वारा पकडतात आणि बाणाचं टोक किंचित वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडे वळतं. हवेचा विरोध आता बाणाच्या रेषेत, पण थोडा तिरका लागतो. तोच तिरकेपणा बाणाला हळूहळू उजवीकडे नेतो. यातून एक भारी सोपं सूत्र निघतं: सरकलेलं अंतर = आडवा वारा × हवेमुळे वाया गेलेला वेळ. हवाच नसती तर बाण १.१७ सेकंदात पोचला असता. वाया गेले ०.०६ सेकंद. गुणिले ३, म्हणजे १८ सेंमी. प्रत्येक रिंग ६.१ सेंमीची असते, त्यामुळे मधोमध नेम धरलेला बाण थेट आठच्या कडेला.

कंपाउंडला अंतर ५० मीटर आणि बाण बराच वेगवान, सेकंदाला ८५ मीटर धरा. वाया जाणारा वेळ ०.०२ सेकंद, सरकणं ६ सेंमी. कमी वाटतं ना? पण तिथे दहाची रिंग मध्यापासून फक्त ४ सेंमीची. त्यामुळे नऊच. (हे आकडे माझ्या छोट्या पायथन स्क्रिप्टचे आहेत. बाणाचं वजन, जाडी बदलली की तेही बदलतात.)

म्हणूनच मैदानी स्पर्धेतले बाण काडीसारखे बारीक पण वजनदार असतात. जाडी कमी म्हणजे विरोध कमी, वजन जास्त म्हणजे वेग टिकतो. नुसता हलका, सुसाट बाण घेऊन वारा हरत नाही.

अजून एक गोष्ट गेममध्ये कळत नाही. सुरुवातीला लागलेला वारा जास्त महाग पडतो, कारण तिथे मिळालेला आडवा वेग पुढे टार्गेटपर्यंत सोबत राहतो. निशाण मात्र पार पलीकडच्या टोकाला! त्यामुळे स्वतःजवळची हवाही बघावी लागते.

वारा एकसारखा असेल तर साइट सरकवतात. झुळका येत-जात असतील तर साइटला हात न लावता मध्याच्या थोडं बाजूला, वारा येतोय त्या अंगाला नेम धरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण पुढच्या बाणाला वारा पडलेला असू शकतो. कंपाउंडवाले धनुष्य किंचित वाऱ्याकडे कलवतात, त्यांच्या साइटवर त्यासाठी लेव्हलचा बुडबुडाच असतो.

आणि हो, ॲपचा तो ११ आकडा जसाच्या तसा मैदानावर नेऊ नका. तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा अंदाज असतो, तोही बऱ्याच मोठ्या परिसराचा. खाली झाडं, भिंती, घरं वारा अडवतात, वळवतात. काठीला बांधलेली रिबीन त्या जागेचं जास्त खरं सांगते.