दोन कार्डं, एक एसएमपीएस

मदरबोर्डाचा स्लॉट ग्राफिक्स कार्डाला फार तर 75 वॅट देतो. जीटीएक्स 750 टीआयसारखं 60 वॅटचं कार्ड तेवढ्यावर खूश असतं, वेगळी वायर मागत नाही. त्यापुढच्यांना थेट एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, जोड लागते: 6 पिनची वायर 75 वॅटची, 8 पिनची 150ची. दोन पिना वाढल्या आणि वॅट दुप्पट! गंमत अशी की 12 व्होल्ट आणणाऱ्या पिना बहुतेक 6 पिनच्या वायरीतही तीनच असतात आणि 8 पिनमध्येही तीनच. जादा आलेल्या दोन ग्राउंडला जातात. त्यातलीच एक कार्डाला कळवते, मोठी वायर लागलीये, आता बिनधास्त ओढ.

हे नियम मोडायचा मोह कंपन्यांनाही आवरत नाही. 2014चं एएमडीचं आर9 295एक्स2 म्हणजे एकाच पाटीवर दोन चिपा, भूक 500 वॅटची आणि वायरी दोनच, 8 पिनच्या. स्लॉट धरून नियमाने हिशेब होतो 375चा. मग कंपनीने सांगून टाकलं, प्रत्येक कनेक्टरला 28 अँपिअर देणारा एसएमपीएस आणा. 28 गुणिले 12 म्हणजे 336 वॅट, 150च्या दुपटीहूनही जास्त! दोनच वर्षांनी त्यांचंच आरएक्स 480 स्लॉटमधून 75च्या वर ओढताना सापडलं. इलाज सोल्डरिंगचा नव्हता. नवा ड्रायव्हर टाकला, आणि कार्ड स्लॉटवरचा भार कमी करून वायरीतून जास्त घेऊ लागलं.

सगळ्यात बिनधास्त मात्र थ्रीडीएफएक्स. त्यांचं चार चिपांचं वूडू 5 6000 एसएमपीएसवर विसंबणारच नव्हतं. त्याला स्वतःचा अडॅप्टर होता, पीसीच्या बाहेर, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. ते दुकानात कधी आलंच नाही. 2000 संपता संपता कंपनीनेच आपला पसारा एनव्हिडियाला विकायला काढला.

एकाच पीसीत दोन कार्डं लावायचा नाद गेमर मंडळींनी केव्हाच सोडला. आता तो घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांना लागलाय. जुनी आरटीएक्स 3090 दोन घेतली की 24 आणि 24, 48 जीबी मेमरी हाताशी येते. भूक प्रत्येकी 350 वॅट. म्हणजे नुसत्या कार्डांसाठी 700 वॅट, 12 व्होल्टवर 58 अँपिअर. एसएमपीएसच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा सगळे बघतात; माझ्या मते आधी वायरी बघाव्यात. एका वायरीच्या टोकाला दोन 8 पिन लोंबत असतील तर दोन्ही एकाच कार्डात खुपसू नका, प्रत्येक कनेक्टरला एसएमपीएसपासून स्वतंत्र वायर न्या. आणि मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींच्या, एसएमपीएसची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला चुकूनही लावू नका. कार्डाकडचं टोक ठरलेलं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेत काय, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं. वायर चपखल बसते आणि कार्ड किंवा हार्ड डिस्क जळते.

शिवाय कार्डं सरळ रेषेत वीज खात नाहीत, क्षणभर उसळी मारतात. दोघांनी एकदम मारली तर कागदावर पुरेसा असलेला एसएमपीएसही पटकन मान टाकतो. म्हणून 2022च्या एटीएक्स 3.0 मध्ये अटच आली: 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसून दाखवा.

आता भिंतीकडे या. खोक्यावरचे वॅट आतल्या भागांना मिळणारे असतात, भिंतीतून ओढले जाणारे त्याहून जास्त. 88 टक्के कार्यक्षमतेचा 1200 वॅटचा एसएमपीएस पूर्ण भरात सुमारे 1360 वॅट ओढेल. आपल्याकडच्या 6 अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा 230 व्होल्टला 1380! उरलेल्या वीस वॅटांत मॉनिटर बसवून दाखवा. गीझरसारखा 16 अँपिअरचा पॉइंटच बरा. टेबलाखालच्या 600 व्हीएच्या यूपीएसची तर गोष्टच नको, तो साधारण 360 वॅटचा धनी. वीज गेली की तोही तिच्या मागोमाग.

खर्च न करता जमणारा उपाय एकच. कमांड देऊन 3090ची मर्यादा 350वरून 280 वॅटवर आणता येते, आणि वेग त्या प्रमाणात घटत नाही. दोघांचे मिळून 140 वॅट वाचले. एवढ्यात जुने दोन सीलिंग फॅन चालतात, आणि ही जोडी ज्या खोलीत धडधडतेय तिथे ते लागतातच.