निर्घृण माणसाला घृणा नसते?

आठवीच्या वर्गात वर्तमानपत्राचे वाचन चालले होते. ‘निर्घृण खून’ हे शब्द आले आणि एका मुलाने हात वर केला. “सर, निर्धन म्हणजे धन नसलेला, निर्भय म्हणजे भय नसलेला. मग निर्घृण म्हणजे घृणा नसलेला. तो तर चांगला माणूस झाला की!” वर्ग हसला. पण मुलाचे व्याकरण बिनचूक होते. चुकत होतो ते आपण, ‘घृणा’चा एकच अर्थ ठाऊक असणारे.

संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. मुळात हा शब्द उष्णतेशी जोडलेला आहे. दुसऱ्याविषयी मनात वाटणारी ऊब ती घृणा आणि ती ज्याच्यापाशी नाही तो निर्घृण. किळस, तिटकारा हा अर्थही याच शब्दाला चिकटला. मराठीत तेवढाच उरला आणि जुना अर्थ ‘निर्घृण’मध्ये खडकातल्या जीवाश्मासारखा अडकून राहिला.

तिरस्काराचे शब्द असे फोडून पाहिले की आत एखादे चित्र सापडते. लॅटिनमध्ये तुच्छ लेखणे यासाठी ‘देस्पिकेरे’ हे क्रियापद आहे. ‘दे’ म्हणजे खाली, ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. इंग्रजीतला ‘डिस्पाइज’ त्यातूनच आला. हा ‘स्पेकेरे’ विज्ञानाच्या शिक्षकांच्या रोजच्या ओळखीचा आहे. स्पेक्ट्रम आणि स्पेसीज हे त्याचेच वंशज. संस्कृतातले ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ हेही त्याच कुळातले. ग्रीकमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन ‘स्कोप’ झाले. म्हणजे मायक्रोस्कोपमधून पाहणे आणि माणसाला तुच्छ लेखणे यांचे मूळ एकच. फरक पडतो तो ‘दे’मुळे! लिनीयसने तर 1758 साली उत्तर अटलांटिकमधल्या एका शंखाच्या गोगलगायीला ‘डेस्पेक्टा’, म्हणजे तुच्छ लेखलेली, असे नाव दिले. ते आजही चालू आहे.

आपल्याकडे ‘दे’चे काम ‘अव’ करतो. अवतरण म्हणजे खाली उतरणे हे मुलांना माहीत असते. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, म्हणून अवज्ञा म्हणजे खालचा म्हणून जाणणे. अवमान आणि अवगणना याच घडणीचे. लॅटिनमधल्या ‘कोन्तेम्प्तुस’पासून आलेला ‘कंटेम्प्ट’ 1971 च्या कायद्याच्या नावात आहे, त्याला आपण न्यायालयाचा अवमान म्हणतो. हिंदीत मात्र अवज्ञा म्हणजे मुख्यतः आज्ञा मोडणे. त्यामुळे 1930 च्या चळवळीला हिंदी माणूस ‘सविनय अवज्ञा’ म्हणतो आणि आपण ‘सविनय कायदेभंग’.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या तामस दानाचे एक लक्षण म्हणजे ते अवज्ञेने दिलेले असते. वस्तू दिली, पण घेणाऱ्याला खालचा समजून दिली. आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात शके 1212 (इ.स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरांनी हा भाग मराठीत उलगडून सांगितला. शिकवणे हेही देणेच आहे. ‘ढ’ म्हणून मागे बसवलेल्या मुलाला समजावताना आपला सूर कसा असतो, हे त्या मुलाला नक्की कळते.

‘तुच्छ’चे चित्र तर थेट खळ्यावरचे आहे. मूळ अर्थ रिकामे, पोकळ. संस्कृतात भुसाला ‘तुच्छधान्य’ म्हणत. बाजरी उफणताना तिवईवर उभे राहून पाटी ओततात तेव्हा दाणा आणि फोलपट एकाच उंचीवरून निघतात. दाणा जवळ पडतो. फोलपटाचा पसारा मोठा आणि वजन कमी, म्हणून वारा त्याला दूर नेतो. निर्वात जागेत दोन्ही बरोबरच पडली असती आणि उफणणी झालीच नसती. (हा प्रश्न नववीला जरूर घालावा.) पण गव्हाचे भूस आणि हरभऱ्याचे भुसकट आपल्याकडे कोणी फेकत नाही. 2018-19 च्या दुष्काळात जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा भुसाची किंमत शेतकऱ्याला विचारायची होती.

राहिला त्या मुलाचा दुसरा प्रश्न. “पण सर, दयेचा तिटकारा झालाच कसा?” मी फळ्यावर ‘कीव’ हा शब्द लिहिला. आजारी वासराची कीव येते. “तुझ्या अकलेची मला कीव येते” असेही आपण म्हणतो. दोन्ही वाक्ये वाचून झाल्यावर तो बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, “दुसऱ्या वाक्यात बोलणारा वर उभा आहे.”