मधला तुकडा

सुरतेच्या कतारगामला पाठवलं होतं हिऱ्यांवर लिहायला. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊंना सुरतेत पैलू पडतात असं म्हणतात. हे वाक्य लिहिलं, संपादकांचं देणं फिटलं. माझी नजर मात्र कारखान्याच्या कोपऱ्यातल्या पिवळट कॅबिनेटवर अडकली. कच्चा हिरा मोजणारं एक जुनं यंत्र त्याला जोडलेलं. यंत्राचं कार्ड काळ्या, लांबलचक आयएसए खाचेत बसतं; आजच्या बोर्डांवर ती खाच सहसा नसते, म्हणून बोर्ड बदलायची सोय नाही. शेठना हवा होता थोडा वेग. त्यासाठी नंदुरबारकडचा एक कारागीर आला होता. शेठ त्याला ‘भाई’ म्हणत, तो मला ‘भाऊ’.

त्यानं पिशवीतून हिरवी पट्टी काढली. खाली दात, अंगावर सॉकेट. "स्लॉटकेट," तो म्हणाला.

इतिहास थोडक्यात. 1997 साली इंटेलचा पेंटियम-2 कार्ट्रिजमध्ये बंद होऊन आला आणि स्लॉट-1 नावाच्या खाचेत उभा राहिला. पुढे कॅशे चिपमध्येच मावायला लागली, कार्ट्रिजचा खर्च नकोसा झाला आणि 370 पिनांचं सॉकेट आलं. जुन्या बोर्डवाल्यांसाठी हा मधला तुकडा निघाला.

"चिप कुठलीही बसते, भाऊ. बसली म्हणजे चालली असं नाही."

मी तासभर पाहत राहिलो ते त्या पट्टीवरचे जंपर. नखाएवढ्या टोप्या, पण सगळी मेख तिथेच. सुरुवातीच्या पेंटियम-2ला 2.8 व्होल्ट लागत. नंतरचा कॉपरमाइन पेंटियम-3 मागतो 1.6 ते 1.75. चिप आपली मागणी काही पिनांवरून बोर्डाला कळवते. कित्येक जुन्या बोर्डांचा रेग्युलेटर 1.8च्या खाली उतरतच नाही, मग मशीन सुरूच होत नाही. तिथे जंपर चिपच्या वतीनं खोटं बोलतो: 1.65 हवेत, पण 1.8 सांग. बोर्ड ऐकतो, चिप जरा जास्त तापते. कारागीर असं करत नाही. बोर्ड खालचा व्होल्टेज देत नसेल तर तो काम घेत नाही, आणि मला ते पटलं.

मग बसचा वेग. 440बीएक्स चिपसेट 100 मेगाहर्ट्झचा. 133च्या बसवर 1 गिगाहर्ट्झनं धावणारी चिप त्यावर लावली तर तिचा 7.5 हा गुणक बदलत नाही. हाती येतात 750. जंपरनं बस 133 केली तर एजीपी कार्डाला 66ऐवजी 89चा वेग सोसावा लागतो. कॉपरमाइननंतरची ट्युअलॅटिन चिप तर आणखी हट्टी: तिचे विजेचे संकेतच वेगळे, साध्या स्लॉटकेटवर ती चालत नाही. पॉवरलीप कंपनीनं तिच्यासाठी रेग्युलेटर अंगावरच असलेला अडॅप्टर काढला होता.

हे जुनं झालं म्हणावं, तर एलजीए 775च्या बोर्डांवर सर्व्हरसाठीची झिऑन चिप बसवणारेही हेच भोगतात. सॉकेटमधले प्लास्टिकचे कोंभ कापायचे, चिपखाली दोन संपर्कांची अदलाबदल करणारं स्टिकर चिकटवायचं, आणि तरीही बायोसमध्ये त्या चिपचा मायक्रोकोड नसेल तर पडदा काळाच. शिवाय 80 वॅटची चिप आणि 120 वॅटची चिप दिसायला सारखीच. फरक कळतो तो बोर्डाच्या रेग्युलेटरला.

कतारगामच्या कॅबिनेटमध्ये 350चा पेंटियम-2 होता, 2 व्होल्टचा. जागी यायचा होता 700चा कॉपरमाइन: बस 100, गुणक 7, व्होल्टेज 1.65. कागदावर सगळं जुळत होतं. पण बायोसला ही चिप ओळखता येत नव्हती, आणि नवी बायोस फ्लॉपीवरून चढवायची. मधेच वीज गेली तर बोर्ड मेला. पहिली फ्लॉपी वाचलीच गेली नाही, दुसरी अर्ध्यावर अडली ती वाचताना, चढवताना नव्हे, हे नशीब. तिसरी चालली. मग हीटसिंक. कॉपरमाइनचं सिलिकॉन उघडं असतं. क्लिप तिरकी दाबली तर कोपरा उडतो. शेजारी पैलू पाडायच्या घंटीवर बसलेला रत्नकलाकार मान वळवून बघत होता. कोपरा उडणं म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी पडद्यावर 700 आला. कारागिरानं तरी यंत्रात आधीच मोजलेला एक हिरा ठेवायला लावला आणि जुने आकडे नव्याशी ताडून पाहिले. वेग वाढल्यावर जुन्या सॉफ्टवेअरचं वेळेचं गणित कधी कधी चुकतं, आणि इथे चूक कॅरेटमध्ये मोजली जाते. आकडे जुळले. जुनं कार्ट्रिज त्यानं कागदात गुंडाळून कॅबिनेटच्या तळाशीच ठेवलं.

तुमच्याकडे असं एखादं कॅबिनेट असेल तर अडॅप्टर शोधण्याआधी बोर्डाचं मॉडेल, चिपसेट आणि बायोसची तारीख लिहून घ्या. आणि जुना प्रोसेसर भंगारात देऊ नका.