विजेची मोजपट्टी

वीज चमकली की रेडिओत खरखर येते, आणि ती घालवायची कशी याचीच गिऱ्हाइकाला पडलेली असते. अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. हल्ली मात्र तीच खरखर ऐकायला मी रात्री रत्नागिरीच्या सड्यावर जातो. वस्तीत जमत नाही. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घूंऽऽ सगळं गिळून टाकते.

सामान किरकोळ: लांब वायर, अॅम्प्लिफायर, बॅटरी, हेडफोन. स्टेशन लावायची भानगड नाही. विजेतून निघणाऱ्या बऱ्याच रेडिओलहरींची कंप्रता काही हजार हर्ट्झ, म्हणजे कानाला झेपेल एवढीच असते. नुसती मोठी करून हेडफोनला द्यायची. गडगडाट कानावर आला तर मात्र मुकाट्याने वायर गुंडाळावी. आपल्याला हवी ती शेकडो कोस लांबची वीज.

दिवसा नुसती तडतड. रात्री मधूनच ‘ट्युंव’ असा चिवचिवाट होतो, त्याला ट्वीक म्हणतात. वर आयनांबराचं, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराचं छत, खाली जमीन, मधून लहर उड्या मारत येते. त्यात वरचे सूर आधी पोचतात, खालचे रेंगाळतात. एका मर्यादेखालचे सूर तर या वाटेने येतच नाहीत. संगणकावर आलेख काढला की उभ्या रेघेला खाली आकडीसारखा बाक दिसतो आणि तो साधारण १७०० हर्ट्झपाशी टेकतो. तिथे लहरीची अर्धी लांबी म्हणजेच छताची उंची. सेकंदाला ३ लाख किलोमीटर भागिले १७००, त्याचं निम्मं: ८८ किलोमीटर!

ही उंची मोजायला मोठी अडचणीची. फुगा तिथवर चढत नाही, उपग्रह इतका खाली टिकत नाही, रॉकेट काही मिनिटांत निघून जातं. विजा मात्र जगभरात सेकंदाला चाळीसहून अधिक चमकतात, तेही फुकट. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद केंद्रात याच ट्वीकांवरून रात्रीच्या आयनांबराचा अभ्यास झाला आहे. विजेच्या काही लहरी तर चुंबकीय रेषा धरून थेट दुसऱ्या गोलार्धात उतरतात आणि शिट्टीसारख्या वाजतात. त्यांच्यावरूनच केंब्रिजच्या ओवेन स्टोरीने १९५३ मध्ये दाखवलं, की हजारो किलोमीटर उंचीवरही बऱ्यापैकी इलेक्ट्रॉन आहेत. आमच्या अक्षांशावर ही शिट्टी दुर्मीळ, म्हणून मी ट्वीकवर समाधानी.

आलेख वाचताना ५० हर्ट्झ इकडेतिकडे झाले तरी उंचीत अडीच किलोमीटरचा फरक पडतो. त्यामुळे एका ट्वीकवर मी विसंबत नाही. रात्रभरातले स्वच्छ तेवढे निवडतो, सरासरी काढतो, मग वहीत आकडा लिहितो.