आयसोव्हॅलेरिल-कोए आणि सी-५ चा पेच

ल्युसीनचं विघटन होताना आधी अमिनो गट निघतो, मग एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपात जातो आणि आयसोव्हॅलेरिल-कोए उरतं. त्यातले दोन हायड्रोजन काढणारं डिहायड्रोजनेज एन्झाइम जन्मतः निकामी असेल, तर आयसोव्हॅलेरिक आम्ल साचतं. बाळाला घामट पायांसारखा वास येतो. वेळेत उपचार नाही मिळाले तर जिवावर बेततं.

आता तुमच्या कामाचं. नवजात तपासणीत मास स्पेक्ट्रोमीटरवर सी-५ कार्निटिन वाढलेलं दिसलं, की लगेच निदान ठोकायचं का? नाही. आयसोल्युसीनपासून येणारं २-मिथाइलब्युटिरिल कार्निटिन आणि काही प्रतिजैविकांमुळे बनणारं पिव्हॅलॉइल कार्निटिन, दोन्हींचं वस्तुमान तेच! म्हणून लघवीत आयसोव्हॅलेरिलग्लायसीन शोधतात. तुमच्याही डेटात पीक दिसला की आधी विचारा: याच वस्तुमानाचं दुसरं काय असू शकतं?