चाल जुनी, पदे नवी

यंदाच्या गणेशोत्सवात मुलांचे छोटे संगीत नाटक बसवायचे ठरले आणि लगेच प्रश्न आला, चाली कोण लावणार? आपल्यात पेटी वाजवणारे आहेत, संगीतकार नाही. ओळखीच्या चालींवर नवी पदे रचावीत असे आम्ही सुचवले, तेव्हा "उसन्या चालींचे कसले नाटक?" असे काहींनी ऐकवले.

उसन्या चालींचेच! ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगले. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. इथे पात्रे स्वतः गाऊ लागली. अण्णासाहेब बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी चाली घेतल्या त्या कीर्तनातल्या साकी-दिंडीच्या, लावणीच्या, कानडी पदांच्या, म्हणजे लोकांच्या कानांवरून आधीच गेलेल्या. जुनी नाटकाची पुस्तके कोणाच्या घरी असतील तर पाहावे, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात. लपवाछपवी नाहीच. पुढे 'मानापमान'साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या चाली आणल्या, तर 'स्वयंवर'साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी. बैठकीचे गाणे असे घराघरांत पोचले. (वन्समोअर घेत घेत ही नाटके रात्रभर चालत. आपल्या हॉलचा वॉचमन ते चालू देणार नाही, म्हणून पदे सहाच ठेवू.)

लंडनला १९९९ साली 'मामा मिया' आले. त्यात 'ॲबा' या स्वीडिश चमूची गाजलेली गाणी शब्दांसकट घेऊन गोष्ट त्यांच्याभोवती बेतली आहे. आपली रीत उलटी, गोष्ट आधी आणि शब्द नवे. इथे वाढणाऱ्या मुलांसाठी आम्हाला हीच बरी वाटते. आपली बरीच मुले देवनागरी अडखळत वाचतात, पण आरत्या मात्र धडाधड म्हणतात. चाल कानात बसली की शब्द तिच्या मागून येतात.

सिनेमाच्या चाली मात्र नकोत. त्यांना मालक असतो, आणि परवानगीच्या भानगडीत गणपती येऊन जातील. जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या, भोंडल्याची गाणी यांना तो त्रास नाही.

तेव्हा कोणाची आजी किंवा सासूबाई व्हिजिटवर आल्या असतील, तर त्यांना गायला बसवा आणि फोनवर टेप करून मंडळाकडे द्या. चाल कोकणातली की देशावरची, तेही कळवा; एकाच गाण्याची चाल गावागणिक बदलते.